खोक्यातले एकोणीस पार्ट

ऑक्टोबर २०२२ मध्ये मी ॲरिझोनातल्या मेसाहून १९७८ ची शेव्हरोले कॅमारो घेतली. कॅलिफोर्नियाची नंबरप्लेट तिला मे २०२३ मध्ये मिळाली. मधले सात महिने मुख्यतः एकाच प्रश्नापायी गेले: या इंजिनावर प्रदूषण रोखणारे कुठले पार्ट कंपनीने बसवले होते, आणि माझ्या हातात आहे तो पार्ट त्यांतला नेमका कुठला? विचारायला ओळखीचं कोणी नव्हतं. अशीच गाडी घेऊन कोणी अडकलं असेल, तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून घडलं तसं लिहितोय.

गाडी ८ ऑक्टोबरला, शनिवारी बघितली. झेड-२८ नव्हे, साधी कॅमारो. ३५० क्युबिक इंचांचं व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक. वाळवंटातली असल्यामुळे पत्र्याला गंज नावालाही नव्हता. साडेअकरा हजार डॉलरला सौदा ठरला. पैसे दिल्यावर विकणाऱ्या आजोबांनी डिकी उघडून एक पुठ्ठ्याचं खोकं दाखवलं. "स्मॉगचं सामान आहे, तुला तिकडे लागेल," म्हणाले. त्यांनी गाडी घेतली तेव्हाही ते खोकं डिकीतच होतं. त्यांच्याही आधीच्या कुणीतरी इंजिनावरून पार्ट उतरवून त्यात टाकले होते. नळ्या, पत्र्याच्या डब्या, पितळी स्विच, एक जड पंप. मोजले तर एकोणीस. एकावरही चिठ्ठी नाही.

कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग चेक, म्हणजे प्रदूषणाची तपासणी, माफ आहे. पूर्वी ही माफी तीस वर्षांच्या हिशेबाने दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकायची. २००५ पासून ती १९७५ वरच थांबवली. म्हणजे माझी गाडी तीन वर्षं आधीची असती, तर हे खोकं मी उघडलंही नसतं. आणि ही तपासणी आपल्याकडच्या पीयूसीसारखी पाच मिनिटांची नसते. गाडी नवी असताना जे जे पार्ट होते ते आज जागेवर आहेत का, नळ्या बरोबर जोडल्या आहेत का, हे तंत्रज्ञ बॉनेट उघडून एकेक करून बघतो. धूर कितीही स्वच्छ निघाला तरी एक पार्ट कमी असला की गाडी नापास.

१४ ऑक्टोबरला डीएमव्हीत, म्हणजे तिथल्या आरटीओत गेलो. ॲरिझोनाचं टायटल (मालकीचा कागद), नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म ३४३, आणि गाडीवरचा चॅसी नंबर कर्मचाऱ्याने स्वतः येऊन पडताळल्याचा फॉर्म ३१. गाडी ट्रेलरवर नेली होती, त्यांनी पार्किंगमध्ये येऊन नंबर बघितला. रांगेत दोन तास, खिडकीवर वीस मिनिटं. बाहेरच्या राज्यातून गाडी आणली की वीस दिवसांत फी भरायची असते. स्मॉगचं सर्टिफिकेट हातात नसलं तरी फी भरून टाका, म्हणजे दंड चढत नाही. प्लेट मागाहून मिळते. तपासणीला गाडी रस्त्यावर न्यायची तर एक दिवसाचा मूव्हिंग परमिट मागून घ्या.

त्यानंतर घराजवळच्या स्मॉग स्टेशनवर ४५ डॉलर देऊन प्री-इन्स्पेक्शन करून घेतलं. हे जरूर करा. त्यात नापास झालात तरी अधिकृत नोंदीत ते धरत नाहीत, आणि काय काय नाही त्याचा कागद हातात येतो. माझ्या कागदावर बरंच काही होतं. ईजीआर व्हॉल्व्हच्या (थोडा जळका धूर परत सिलेंडरमध्ये सोडणाऱ्या झडपेच्या) जागी पत्र्याची पट्टी ठोकलेली, कोळशाच्या कॅनिस्टरच्या नळ्या तोडलेल्या, एअर क्लीनरला गरम हवा आणणारी नळी गायब, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टमधले घातक वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) जागी सरळ पाइप. संध्याकाळी तो कागद घेऊन गॅरेजमध्ये खूप वेळ नुसता बसून राहिलो. आपण फसलो, असंच वाटत होतं.

५ नोव्हेंबरला बाबा आले. मिरजेत त्यांचं एकतीस वर्षं गॅरेज होतं. फिएट, ॲम्बॅसॅडर, महिंद्राच्या जीपा. अमेरिकन व्ही-८ त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. बॉनेट उघडल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त मागच्या बाजूच्या मोठ्या डिस्ट्रिब्यूटरवरची धूळ अंगठ्याने पुसली. खाली ओतीव अक्षरं होती: डेल्को रेमी. आपल्याकडचे मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला डेल्कोच म्हणतात. बाबांनीही जन्मभर तेच म्हटलं, फिएटचा डेल्को, जीपचा डेल्को. "हे नाव कंपनीचं होतं होय," असं म्हणून त्यांनी मला त्याचा फोटो काढायला लावला.

मग त्यांनी विचारलं, "ही सगळी भानगड सुरू कधी झाली?" या प्रश्नाचा फार उपयोग झाला. आम्ही गॅरेजच्या फरशीवर खडूने वर्षं लिहिली आणि वाचत वाचत एकेक पार्ट आपापल्या वर्षाखाली मांडत गेलो.

लॉस एंजेलिसमध्ये जुलै १९४३ मध्ये हवा इतकी झोंबरी झाली की लोकांना शत्रूचा वायुहल्ला वाटला. पुढे पॅसाडीनातल्या कॅलटेकमध्ये हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हे धुकं गाड्यांच्या धुरातले वायू आणि ऊन मिळून तयार होतं. म्हणून सगळं आधी कॅलिफोर्नियात आलं. १९६१ च्या गाड्यांवर पीसीव्ही व्हॉल्व्ह, जो इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर न सोडता पुन्हा कार्बुरेटरखाली ओढतो. १९६६ मध्ये हवेचा पंप: एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडली की न जळलेलं पेट्रोल तिथंच जळतं. जनरल मोटर्स (शेव्हरोले हिचीच) याला ए.आय.आर. म्हणायची, फोर्ड थर्मॅक्टर आणि एएमसी (अमेरिकन मोटर्स) एअर गार्ड. जुन्या पुस्तकांत ही तिन्ही नावं भेटतात आणि वस्तू एकच असते. १९७० मध्ये टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणारं कोळशाचं कॅनिस्टर. १९७३ पर्यंत बहुतेक गाड्यांवर ईजीआर, आणि १९७५ मध्ये कन्व्हर्टर. कन्व्हर्टर आला म्हणून शिसंविरहित पेट्रोल आलं, म्हणून टाकीचं तोंड अरुंद झालं. माझ्या गाडीच्या पेट्रोलच्या काट्याखालीच 'फक्त अनलेडेड' असं छापलंय. कन्व्हर्टर कंपनीचाच होता की नव्हता, हा प्रश्न तिथंच मिटला.

पार्टवरचे नंबर वाचायला टॉर्च, टूथब्रश आणि भिंग पुरतं. एका पितळी स्विचवर डी-पाचने सुरू होणारा नंबर निघाला. ती फोर्डची पद्धत: डी म्हणजे सत्तरचं दशक, पाच म्हणजे १९७५. म्हणजे हा आमच्या गाडीचा नव्हताच. खोक्यात दुसऱ्या गाड्यांचं सामान मिसळलंय हे त्या दिवशी कळलं. बाबांनी तो स्विच वेगळ्या डब्यात ठेवला आणि म्हणाले, "आता कशावरच विश्वास ठेवू नको."

त्यांचं ऐकायला हवं होतं. पंप मात्र जनरल मोटर्सचाच होता आणि मी तो बघून ठरवून टाकलं की माझ्या इंजिनाला ए.आय.आर. होतं. त्याला आणखी एक आधार मिळाला. डॅशबोर्डवरच्या चॅसी नंबरात पाचवं अक्षर एल, म्हणजे चार बॅरल कार्बुरेटरचं ३५०. सहावा आकडा ८, म्हणजे १९७८. सातवं अक्षर कारखान्याचं: एन असेल तर ओहायोतलं नॉरवूड, एल असेल तर व्हॅन नाइस. माझं एल. व्हॅन नाइस तर लॉस एंजेलिसमध्येच! मी म्हटलं, गाडी कॅलिफोर्नियात बनली, म्हणजे कॅलिफोर्नियाचीच. जानेवारीत पंपाचे ब्रॅकेट, पुली, चेक व्हॉल्व्ह आणि एक्झॉस्टमध्ये हवा सोडणाऱ्या नळ्या मागवल्या. २४० डॉलर.

२१ जानेवारीला नळ्या बसवायला घेतल्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलेंडरांतला धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळावर) प्रत्येक सिलेंडरच्या वर एकेक गोल उंचवटा असतो, तिथं नळीचं टोक आट्यांवर बसतं. मी ब्रशने घासलं, गंज काढला, आणि भोक सापडेना. बूच मारलेलं भोकही नव्हतं. चारही उंचवटे भरीव होते, ओतल्यानंतर त्यांना ड्रिल लागलेलंच नव्हतं. दुसऱ्या बाजूला तेच. साचा दोन्ही तऱ्हांच्या गाड्यांना एक, भोक मात्र पंपाच्या गाडीलाच पाडतात. बाबांनी बोटाने उंचवटा चाचपला आणि पाना खाली ठेवला.

मग कार्बुरेटर. माझा क्वाड्राजेट जातीचा, त्याच्या डाव्या अंगाला उभा नंबर ठोकलेला असतो. माझा १७०५८२०२. १७०५ नंतरचा ८ म्हणजे १९७८. त्यापुढचा आकडा खरी गोष्ट सांगतो: तिथं २ असेल तर फेडरल, म्हणजे इतर राज्यांसाठीची गाडी. कॅलिफोर्नियासाठी असता तर ५ असता. व्हॅन नाइसमध्ये बनलेली गाडी ॲरिझोनात विकायला गेली होती. कारखान्यावरून काहीच ठरत नाही, हे मला अडीचशे डॉलर घालवून कळलं.

पण मॅनिफोल्ड बदललेला असू शकतो, कार्बुरेटरही. शब्द चालतो तो बॉनेटखालच्या स्टिकरचा, ज्यावर गाडी कुठल्या नियमांची आणि तिला प्रदूषणाच्या कुठल्या यंत्रणा आहेत ते कंपनीने छापलेलं असतं. माझ्या गाडीला तो नाही असं मी धरून चाललो होतो, कारण रेडिएटरच्या वरची सगळी पट्टी कुणीतरी काळ्या स्प्रेने रंगवली होती. बाबांना त्या पट्टीवर एक चौकोनी कड जाणवली. "पुसून न घेता रंग मारलाय, तेलावर रंग धरत नाही," म्हणाले. कोमट साबणाचं पाणी आणि कापूस. थिनर लावायला मी निघालो होतो, त्यांनी हात धरला; थिनरने खालची छपाईही गेली असती. दोन संध्याकाळी ते खुर्ची घेऊन तिथं बसले. रंग नखाएवढ्या पापुद्र्यांनी सुटत गेला आणि खालून आधी ३५० उमटलं, मग टायमिंगचा आकडा, मग एक ओळ, की हे वाहन १९७८ सालासाठीच्या अमेरिकी ईपीएच्या (पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) नियमांना धरून आहे. कॅलिफोर्नियाचा उल्लेख नाही. खालचा उजवा कोपरा मात्र फाटून गेला होता, आणि कुठकुठल्या यंत्रणा आहेत ती ओळ अर्धीच उरली होती.

कुणी विचारेल, फेडरल गाडी कॅलिफोर्नियात चालते का? नवीन असेल तर नाही. ७,५०० मैलांहून जास्त चाललेली असेल तर चालते, आणि तपासणी तिच्या स्वतःच्या स्टिकरप्रमाणे होते.

फेब्रुवारी-मार्च पार्ट जमवण्यात गेले. गरम हवेची नळी आणि एअर क्लीनरचं सोंड असलेलं झाकण जंकयार्डात मिळालं, जिथं आपणच पाने घेऊन पार्ट सोडवायचे असतात. दोन फेऱ्यांत ५५ डॉलर. कॅनिस्टर खोक्यातलंच धुवून-पुसून बसवलं. त्याच्या बुडाला एक फिल्टर असतो, तो बदला. खोक्यातला ईजीआर व्हॉल्व्ह मी टाकून देणार होतो, कारण हातपंपाने व्हॅक्यूम (त्याला उघडणारी हवेची ओढ) दिला तरी तो धरतच नव्हता. नंतर वाचलं की पॉझिटिव्ह बॅकप्रेशर जातीचा व्हॉल्व्ह इंजिन बंद असताना व्हॅक्यूम धरत नाही, ते त्याचं काम आहे. चांगला पार्ट कचऱ्यात जाता जाता वाचला. पंचेचाळीस डॉलरचा तो हातपंप मात्र घ्याच, त्याच्याशिवाय यातलं काही ओळखता येणार नाही.

सर्वांत महाग कन्व्हर्टर. बसवून ७२० डॉलर. बाहेरच्या राज्यात अर्ध्या किमतीत मिळतो, पण कॅलिफोर्नियात एअर रिसोर्सेस बोर्डाची (राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाची) मंजुरी असलेलाच चालतो आणि मंजुरीचा क्रमांक त्याच्या पत्र्यावर ठोकलेला असावा लागतो. वेल्डिंगच्या आधी तो क्रमांक खालून वाचता येईल अशा बाजूला वळवून घ्या.

४ एप्रिल २०२३ ला पहिली अधिकृत तपासणी. ९५ डॉलर. गाडी रोलरवर चढवून आधी ताशी १५ मैल, मग २५ मैल वेगाने चालवतात आणि हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड मोजतात. शिवाय टायमिंग, पेट्रोलच्या झाकणाची तपासणी, आणि टाकीच्या वाफेच्या नळ्या गळतात का ते. बाबा काचेआड उभे राहून सगळं बघत होते. दोन गोष्टींत नापास झालो. एक, तंत्रज्ञाच्या पुस्तकात या इंजिनाला ए.आय.आर. दाखवलं होतं. मी स्टिकर दाखवला, नंबर दाखवले. त्याने नीट ऐकून घेतलं, पण अर्ध्या फाटलेल्या ओळीवर तो सही करायला तयार नव्हता. "हे रेफरी ठरवेल," म्हणाला. दोन, नायट्रिक ऑक्साइड २,०४६, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट.

रेफरी म्हणजे राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरने नेमलेला तटस्थ तपासनीस. फोन करून वेळ घ्यावी लागते. बरीच केंद्रं कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात आहेत. मला ९ मेची तारीख मिळाली. बाबांचं परतीचं तिकीट २७ एप्रिलचं होतं.

नायट्रिक ऑक्साइड वाढलं म्हणजे सिलेंडरमधली उष्णता वाढली, म्हणजे ईजीआर काम करत नाही. त्याने थोडा जळका धूर परत आत सोडायचा असतो, त्याने ज्वाला थंड राहते. पण व्हॉल्व्ह चांगला होता. चार दिवस मी नळ्याच बदलत होतो. शेवटी बाबांनी गाडी गरम झाल्यावर वाकून उजव्या एक्झॉस्टखाली बघितलं आणि विचारलं, "हा दांडा आता सुटायला हवा ना?"

तो ईएफईचा दांडा. इंजिन गार असताना ती झडप मिटते, गरम धूर कार्बुरेटरखालून फिरवते आणि गाडी लवकर तापवते. तापल्यावर ती उघडली पाहिजे. आमची उलटं करत होती. ईएफई आणि ईजीआर, दोघांना व्हॅक्यूम सोडणारे दोन तपमानाचे स्विच पाण्याच्या वाटेत बसतात. दोन्ही पितळी, दोन्हींना दोन तोट्या, डोक्यावरचा रंग उडालेला. मी ते अदलाबदल करून बसवले होते.

खात्री करायला आम्ही दोन्ही काढले, कूलंट विषारी असतं म्हणून साबणाने दोनदा धुतले, आणि गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक शेगडीवर पातेलं ठेवलं. बाबांनी पहिला स्विच चिमट्याने पाण्यात धरला, मी एका तोटीला हातपंप लावला. गार पाण्यात काटा चढेना, हवा आरपार जात होती. पाणी तापत गेलं. बराच वेळ काहीच नाही. मग वाफा येऊ लागल्या, आतून बारीक टिक् असा आवाज आला आणि पुढच्या दाबाला काटा वर चढून थांबला. गारात उघडा, गरमात बंद: हा ईएफईचा. दुसरा गारात घट्ट धरत होता आणि पाणी जेमतेम कढत झाल्यावर काटा सर्रकन शून्यावर आला. हा ईजीआरचा. बाबांनी दोन्हींना दोऱ्याची गाठ मारली, ईएफईला एक, ईजीआरला दोन. बायकोने ते पातेलं परत घरात येऊ दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

२७ एप्रिलला त्यांना विमानतळावर सोडलं. गाडीत सगळा वेळ ते रेफरीला काय काय दाखवायचं ते सांगत होते.

९ मेला सकाळी दहाची वेळ होती. मी एक फाइल नेली होती: स्टिकरचे फोटो, कार्बुरेटरच्या नंबराचा फोटो, भरीव उंचवट्यांचा फोटो. फाइल न्या, पण फोटोंवर थांबू नका. आरसा आणि टॉर्च न्या, म्हणजे त्यांना जागेवर दाखवता येतं. रेफरीने फोटो बाजूला ठेवले, माझा आरसा घेतला आणि चारही उंचवटे स्वतः बघितले. मग स्टिकर. मग कार्बुरेटर. सव्वा तास लागला. त्यांनी लिहिलं: फेडरल गाडी, ए.आय.आर. आवश्यक नाही. नंतर रोलर. नायट्रिक ऑक्साइड ६११. सर्टिफिकेटचे ८ डॉलर २५ सेंट दिले, तिथूनच डीएमव्हीत गेलो आणि दुपारी प्लेट घेऊन घरी आलो. पार्ट आणि तपासण्या मिळून, डीएमव्हीची फी सोडून, चौदाशे डॉलरच्या आसपास गेले.

मिरजेत तेव्हा पहाट होती. बाबा जागेच होते. पास झालो म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, "आकडा किती आला?" ६११ सांगितलं. पलीकडे कागदाचा आवाज झाला. ४ एप्रिलचा रिझल्ट ते सोबत घेऊन गेले होते, त्यावर २,०४६ च्या शेजारी लिहून घेत होते. मग म्हणाले, "दोन गाठींचा स्विच पुन्हा कधी काढलास, तर दोरा तसाच ठेव."